जबानीला मनाई

मंगरूळपीर, १४ नोव्हेंबर १९७३

चि. शेषराव यास भागिरथाताईचे अनेक आशीर्वाद.

तुह्ये दाजी वारल्यावर दीर पुंजाजीनं मले तेलगिरणीच्या कंपनीत डायरेक्टर केलं, हे तुले ठाऊक हाये. ते म्हणत तिथं मी कोऱ्या कागदावर सही करत गेली. आता सरकारच्या कंपनी खात्याचे साहेब चौकशीले आले. मलेही जबानीची नोटीस आली. त्यावर पुंजाजी नागपूरच्या हायकोर्टात गेले. सबळ कारण नसताना चौकशी लावली, घरच्या बाईले शपथेवर विचारायचा साहेबाले अधिकार नाही, असं त्यायचं म्हणणं. कोर्टानं तूर्त मनाई दिली.

काल त्यायचे वकील कागद घेऊन आले. माही जबानी होऊ नये अशी माहीच इच्छा हाये, असं त्यात होतं. मी सही नाही केली. आज जाऊबाईनं माही चूल येगळी मांडून देल्ली. एकटीपुरती भाकर थापाची सवय नाही रे.

तारखेले कोर्टात जाऊन ये. माया पातळ होऊ देऊ नको.
तुही ताई

नागपूर, २ डिसेंबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डायरेक्टरीणबाईंना पत्र लिहायचं तर चांगला कागद आणा, असं विमल म्हणाली. तिचा नमस्कार.

शाळेतून रजा काढून कोर्टात गेलो. पुंजाजींचे वकील म्हणाले, नुसत्या संशयावर सरकार कोणाच्याही पेढीत शिरू लागलं तर धंदा करणार कोण? सरकारी वकील म्हणाले, विचारणं म्हणजे शिक्षा नव्हे. निकाल उन्हाळ्यापर्यंत लागेल.

ताई, मला भीती वाटते. घर त्यांचं, गाव त्यांचं. सही करून टाक, नाहीतर इकडे ये. खोल्या दोनच आहेत, पण तुला जागा आहे.

धाकट्यावर रागावू नये, ही विनंती.
तुझा शेषराव

मंगरूळपीर, ९ फेब्रुवारी १९७४

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद.

रागावली नाही. पण सही करत नाही अन् येतही नाही. हे गेल्यापासून या घरात मले कोणी काही विचारलं नाही. भाजी कोणती करू, हेही नाही. त्या नोटिशीत लिहिलं होतं, आपणास जे माहीत असेल ते सांगावे. ते वाचून मी लय वेळ बसून होती. आता गिरणीतली माणसंही मले पाहून रस्ता बदलतात. बोलाची सवय जाऊन राह्यली, म्हणून लिहिते.

विमलले, लेकरायले आशीर्वाद. खुशाली कळवत जाय.
ताई

मंगरूळपीर, २१ जुलै १९७४

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद.

पुंजाजीचा अर्ज कोर्टानं फेटाळल्याची तुही तार पोचली. साहेब काल येऊन गेले. त्यायच्या आधीच दीर-जाऊ आपल्या भागाले कुलूप लावून अकोल्याले निघून गेले.

मी खरं तेच सांगतलं. मीटिंगीत कधी बसली नाही, कागद कोरे होते. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणून सांगतलं. पुढं पुंजाजीचं काय होते, मले माहीत नाही. ते पोरगं माह्याच हाताखाली मोठं झालं, त्यानं जीव तुटते.

शेवटी साहेबानं विचारलं, अजून काही सांगायचं आहे का. मी तुह्या दाजीचं सांगत बसली. गिरणीतून आले का वट्ट्यावर बसत, अन् जेवायच्या आधी दिवसभराचं सारं मले सांगत. कोणाची गाडी आली, कोण रुसलं, सरकी कशी निघाली. साहेबानं पेनाचं टोपण लावलं होतं. त्यातलं काही लिहून नाही घेतलं. पण चहा निवेपर्यंत ऐकत बसले.

मग जीप वाशीमकडं गेली.

जमल्यास ये. आठवण असू दे.
तुही ताई