पेन ड्राइव्ह घेताना घाई नको

सोमवार, ३ जून
ऑफिसचे जुने कॉम्प्युटर चौदा तारखेला संध्याकाळी उचलणार. आतलं सगळं पुसणार. ज्याचं त्याने काढून घ्यावं, अशी तोंडी सूचना. बाकीच्यांची नुसती धावपळ. मी शांत. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ऑफिसचं असं काही नाहीच. फक्त हिच्या शिवणक्लासचे ड्राफ्ट. शहाऐंशी. गळे, बाह्या, मुंढे, सगळं मापांसकट. तीन वर्षं खपून काढलेत हिने. हिचा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा मीच ते पेन ड्राइव्हवर वाचवून इथे आणून ठेवले. घरापेक्षा ऑफिस सुरक्षित. आता त्यांचं पुस्तक होणार आहे. वीस तारखेला प्रेसमध्ये द्यायचं.

संध्याकाळी हिने विचारलं, काढून घेतलेत का? म्हटलं, कॉपी झालेत, आणतो एक-दोन दिवसांत. तसं हे खोटं नाही. मनाने मी कॉपी केलेच आहेत. फक्त पेन ड्राइव्ह घ्यायचा बाकी आहे.

मंगळवार, ४ जून
मधल्या सुट्टीत समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात. दुकानदाराने न बघताच एक पाकीट काउंटरवर टाकलं. हा घ्या, सगळे हाच नेतात म्हणाला. सगळे नेतात म्हणून मी न्यायचा? शिवाय टोपणाचा. आधी टोपण हरवतं, मग पेन ड्राइव्ह, हा माझा आजवरचा अनुभव आहे. मोठा दाखवला. मोठा हरवला तर नुकसानही मोठं. परत आलो.
ठराव: अभ्यासाशिवाय वस्तू घ्यायची नाही.

गुरुवार, ६ जून
अभ्यास सुरू. वहीत तक्ता आखला. रकाने: वेग, टोपण, धातू की प्लास्टिक, किल्लीला अडकवता येतो का, दिवा लागतो का. वेगाचा घोळ फार. लिहिण्याचा वेगळा, वाचण्याचा वेगळा, पाकिटावर छापलेला तिसराच. खोटे पेन ड्राइव्हसुद्धा निघतात! बाहेर लिहिलेलं एकशे अठ्ठावीस, आत जेमतेम आठ. बरं झालं, घाई केली नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, पेन ड्राइव्ह घेताय की जावई शोधताय? पुढे आणखी काही सांगत होत्या, आपल्याकडे ते परिपत्रक वगैरे. मी हातानेच थांबवलं. रकाना चुकत होता.

घरी पुन्हा विचारणा. म्हटलं, पेन ड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला. आता ड्रॉवरमध्ये एक पेन ड्राइव्ह असणं भाग आहे.

शनिवार, ८ जून
हिने प्रेसवाल्याला फोन केला. माझ्यादेखत. सगळं तयार आहे, यांनी अगदी जपून ठेवलंय, असं सांगितलं. क्लासच्या बायकांनाही सांगून झालंय. मी वहीतला तक्ता उघडून बसलो.

दोन मोठी दुकानं पालथी घातली. धातूचा देखणा होता, पण तापतो म्हणे. एक फिरवून उघडायचा होता. दहा वेळा फिरवला, उत्तम. अकराव्यांदा त्याचा तुकडा हातात आला. विक्रेती म्हणाली, आता हा तुमचा. वीस मिनिटं हुज्जत. शेवटी मॅनेजरने हात जोडले. त्या दुकानाचा रस्ता आता बंद.

मंगळवार, ११ जून
ही म्हणाली, ड्रॉवरची किल्ली द्या, मीच जाऊन घेऊन येते. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत म्हटलं. मग गेटवर आणून द्या म्हणाली. मीटिंग आहे म्हटलं. दिवसभर? दिवसभर. शेवटी बाथरूममध्ये जाऊन बसलो. तिथेही दारावर टकटक. बरं वाटत नाही का हो, म्हणून विचारलं. रागाने विचारलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

शिपाई म्हणतो, मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढा आणि मोकळे व्हा. मला हसू आलं. या लोकांना पद्धतशीर कामाची सवयच नाही.

गुरुवार, १३ जून
घेतला! चौदा दुकानांनंतर. काळा, बिनटोपणाचा, निळा दिवा लागणारा. तक्त्यात सर्वाधिक गुण. उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. उगाच स्वतःला कोंडून घेतलं होतं आठ दिवस. हलकं वाटतंय.

शुक्रवार, १४ जून
सकाळी १०.२०. लावला. दिवा लागत नाही. दुसऱ्या खाचेत लावला. नाही. मागे लावला. नाही.

१०.५०. कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, काका, जानेवारीपासून सगळ्या मशीनवर पेन ड्राइव्ह बंद आहेत, परिपत्रक निघालंय. असलं काही माझ्याकडे आलेलं नाही, असं ठणकावून सांगितलं. त्याने फाइल आणली. खाली सगळ्यांच्या सह्या. पहिली माझी. शेजारी माझ्याच अक्षरात ‘वाचले’. सह्या टेबलोटेबली फिरून मीच गोळा केल्या होत्या, हेही आठवलं. कोणीतरी घरून पेन ड्राइव्ह आणून लावला, व्हायरस शिरला, म्हणून हे परिपत्रक. कोणी ते लिहिलेलं नाही. टेबल क्रमांक लिहिला आहे. माझा.

११.३०. बाहेरचा मेल इथे उघडत नाही. साहेबांची लेखी परवानगी आणा, मी पाच मिनिटांत काढून देतो म्हणाला. साहेब काल रजेवर गेले. येणार सोमवारी. काल दुपारपर्यंत होते की हो, असंही वर म्हणाला. काल दुपारी मी दुकानात निळा दिवा बघत होतो.

४.१५. फोटो काढतो आहे. उजेड पडून सगळ्यांत माझं टक्कल दिसतंय.

५.१०. कॉम्प्युटर उचलणाऱ्यांनी वायर ओढली. नऊ फोटो झाले.

शनिवार, १५ जून
पेन ड्राइव्ह तपासायचा आहे, असं सांगणार होतो. हिने सकाळीच माझ्या खिशातून काढून प्रेसमध्ये नेला. तासाभराने परत आली. रिकामा आहे म्हणाली. तीन तारखेला कॉपी झालेत म्हणालात, ते खरं होतं का? त्याचं असं आहे, म्हणून सुरुवात केली. मग नाही म्हणालो. ती रडली. मला तिच्याजवळ बसायचं धाडस झालं नाही.

रविवार, १६ जून
सकाळपासून हॉलमध्ये क्लासच्या बायका. अकराजणी. जिने जो ड्राफ्ट शिकताना वहीत उतरवून घेतला होता, ती तो घेऊन आली आहे. जमिनीवर कागद अंथरून पुन्हा आखणं चाललंय. मापं मोठ्याने सांगतात, ही तपासते. सत्तरच्या पुढे मिळतील म्हणे. मी आतल्या खोलीत. इथून बाहेर पडायचं तर हॉलमधूनच जावं लागतं.

एकीने विचारलं, हे झालं कसं हो ताई? मी दाराशी गेलो. ही म्हणाली, ऑफिसवाल्यांची चूक, यांनी बिचाऱ्यांनी फार धावपळ केली.

बाहेर जाऊन सांगायला हवं होतं की तसं नाही. दोनदा कडीला हात लावला.

दुपारचे दोन वाजलेत. हिने दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज आला. ते घ्यायला अजून उठलेलो नाही.