पोचलेला फॉर्म

कार्डिफ
रविवार, ५ सप्टेंबर २००४

श्री. विष्णूभावजींना,
सुमनचा नमस्कार.

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून द्याल अशी भीती वाटली, म्हणून वरचा पत्ता वरदाकडून लिहून घेतला. रागावू नका.

आमचं बरं चाललंय. मी दोन वर्षांपूर्वी शाळेतून रिटायर झाले. वरदा हाउन्सलोला असते, एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात. तिची अन्वी याच आठवड्यात शाळेत जायला लागली, रिसेप्शनच्या वर्गात. नंदावहिनी गेल्याचं आम्हाला तुमच्या मंडळाच्या अंकातून कळलं, तेही चार महिन्यांनी. ह्यांनी ते पान दोनदा वाचलं, फोनपाशी जाऊन बसले आणि तसेच उठले. मीही फोन केला नाही. त्याबद्दल आधी माफी मागते.

ह्यांचे डोळे जाताहेत. पूर्ण अंधार होणार नाही म्हणतात, पण मधलं दिसेनासं होतं आणि कडेकडेचं तेवढं राहतं. उजवा जवळजवळ गेलाच, डावा अजून थोडा आहे. गाडी चालवणं बंद झालं. हे कळलं कसं, ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये बागेत उभे राहून ह्यांनी रिकामा उजवा हात लांब केला, अंगठा वर, जुन्या सवयीनं, शेजाऱ्यांच्या धुराड्यावर नेम धरल्यासारखा. मग हात खाली घेतला, पुन्हा वर केला. मला म्हणाले, "सुमन, माझ्या अंगठ्याचं टोक नाहीसं झालंय." दुसऱ्या दिवशी जीपीकडे गेलो.

तेव्हापासून मला ती खाण सारखी आठवते. तुम्हाला आठवते का? चुनखडीची बंद पडलेली खाण, तिथला आपला नेमबाजीचा क्लब, पत्र्याची शेड आणि चहाची किटली सांभाळणारे सेक्रेटरी मिस्टर प्रॉसर. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये तुम्ही दोघं एका खोलीत राहायचात तेव्हापासूनचं ते वेड. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी घरातल्या वस्तू दाखवल्या: हा कुकर, हा हीटर आणि ही वेब्ली. एकोणीसशे तेरा सालचं, नेव्हीसाठी केलेलं पिस्तूल. मला ते सुताराच्या गुण्यासारखं वाटलं, काटकोनात वाकवलेलं. तुमचं माउझर त्यापेक्षा देखणं, हे मी ह्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

बिस्लीच्या मोठ्या रेंजवर नेमबाजीच्या मीटिंगला आपण ट्रेननं जायचो. ह्यांच्या बॅगेत कुलूपबंद पेटीत वेब्ली, तिच्यावर टॉवेल आणि टॉवेलवर माझा चिवड्याचा डबा. एकदा तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, बॅगेत काय आहे एवढं जड? ह्यांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, माझ्या वडिलांकडे पण होतं एक, आणि चिवडा खाऊन पुढे गेला. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आणि माझी पहिली खेप. साडीवर कार्डिगन, पायात मिस्टर प्रॉसरच्या बायकोचे गमबूट. तुम्ही मागून म्हणालात, "वहिनी, श्वास अर्धा सोडा आणि मग घाई करू नका." सात गोळ्यांपैकी सहा टार्गेटच्या कार्डावर लागल्या. शेडमधले सगळे वेल्श म्हातारे टाळ्या वाजवत होते आणि माझं मनगट दोन दिवस दुखत होतं. त्यानंतर किती वर्षं दर गुरुवारी जेवणं झाली की मी आणि हे किचन टेबलावर काडतुसं भरायचो. त्या मापाची विकत मिळायचीच नाहीत. वरदा खाणीतून रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायची आणि मी त्या धुऊन पुसून ठेवायचे. मला ते आवडायचं, भावजी. मन लावून करायचे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही म्हणाल, हिला पहिल्यापासून त्या वस्तूचा राग होता. राग नव्हता.

शहाण्णवच्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या त्या शाळेत एकानं पिस्तुलं घेऊन शिरून पाच-सहा वर्षांची मुलं मारली, तेव्हा माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती. सगळी त्याच वयाची. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी वर्गाकडे बघत होते आणि मनात एकच विचार, यांना लपवायचं कुठे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना रंग-कागदाचं मोठं कपाट उघडून पाहिलं. अकरा मावतील. बाकीच्या सतरांचं काय, ते मला आजही माहीत नाही.

घरी आले तर हे वेब्लीला तेल देत होते. रोजच्यासारखेच. त्यांची काय चूक? पण त्या तेलाच्या वासानं मला ओकारी आली. ह्यांना सांगितलं, कँटीनचं काहीतरी बाधलं. तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण सहा गोळ्या मीच मारल्या होत्या ना, पुंगळ्या मीच पुसल्या होत्या. कुठल्या तोंडानं म्हणणार की हे घरात नको?

मग कायदा आला, सगळी पिस्तुलं सप्टेंबरअखेर पोलिसांत जमा करायची. सत्त्याण्णवच्या जुलैत तुमचं जाड पाकीट आलं. हे ड्यूटीवर होते. मी फोडलं. जुन्या, दुर्मीळ पिस्तुलांसाठी सवलत आहे, बिस्लीला ठेवता येतील आणि तिथेच झाडता येतील, असा तो फॉर्म. तुम्ही ह्यांच्या नावाचे रकानेसुद्धा भरून पाठवले होते, फक्त सही हवी होती. मी तो शाळेत नेला आणि त्याच कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला. सप्टेंबरची मुदत संपल्यावर फाडला.

हे स्वतः पोलीस स्टेशनात वेब्ली देऊन आले. घरी येऊन कोट न काढता जिन्यावर बसले.

नंतर नोव्हेंबरात तुमचा फोन आला. मी किचनमध्ये कणीक मळत होते. "मला न सांगता तू तुझं वाचवलंस," हे म्हणाले. तुम्ही म्हणाला असाल की फॉर्म पाठवला होता. तेव्हा हे म्हणाले, "खोटारडा आहेस तू." मी सगळं ऐकत होते. चार पावलं चालून गेले असते तर तिथेच मिटलं असतं. मी कणीक मळत राहिले.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमचं माउझर बिस्लीला आहे ना? डाव्या डोळ्यात दिसतंय तोवर एकदा त्यांना बोलवाल का? माझं नाव न काढता बोलावलंत तर बरं, असं लिहिणार होते. पण तेवढं मागायचा हक्क मला नाही. तुम्हाला वाटेल तसं करा.

तुमची अपराधी,
सुमन


मँचेस्टर
१२ सप्टेंबर २००४

सुमनवहिनी,

पत्र मिळालं. तीन दिवस टेबलावर होतं. पहिल्या दिवशी मी तुम्हाला जे उत्तर लिहिलं ते फाडून टाकलं.

तुमच्यावर राग आहे. तो नाही असं लिहिलं तर तुम्हाला पटणार नाही. नंदा आजारी होती तेव्हा मला रोज संध्याकाळी वाटायचं की गिरीशला फोन करावा. आणि रोज तो एक शब्द आठवायचा.

पण तुमच्या पत्रामुळे मलाही एक गोष्ट स्वतःला विचारावी लागली. फॉर्म पाठवला, उत्तर आलं नाही. मग सप्टेंबर संपेपर्यंत मी फोन का केला नाही? दोन मिनिटांचं काम होतं. मला वाटलं, गिरीश घाबरला, सरळ नेऊन देणार. आणि खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मी धीट ठरतोय याचं मला बरं वाटलं. खोटं मी बोललो नव्हतो, पण एवढं मनात होतं.

त्या कपाटाबद्दल काय लिहू. मी हाडांचा डॉक्टर, मुलांना लपवायचा विचार मला कधी करावा लागला नाही.

माउझर बिस्लीला आहे. वर्षातून चार वेळा जातो, म्हाताऱ्या नातेवाइकाला भेटायला जावं तसा. २ ऑक्टोबरला, शनिवारी, मी तिथे आहे. तारीख बघून गिरीश हसेल. पाहुण्याला गोळी झाडू देतात का, ते विचारतो. नाहीच दिलं तरी शेजारी उभं राहता येईल.

त्याला मी पत्र लिहिणार नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून कळल्याशिवाय तो तिथे आला, तर मी त्याच्याशी काय बोलू? म्हणजे आता आपण दोघं मिळून त्याच्यापासून काहीतरी लपवणार. ते मला जमणार नाही.

विष्णू


कार्डिफ
२४ सप्टेंबर

विष्ण्या,

मोठ्या अक्षरात लिहितोय, जाड पेननं, कारण बारीक मला दिसत नाही. ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे.

सुमननं परवाच्या मंगळवारी सांगितलं. सकाळी चहा झाल्यावर समोर बसली आणि थांबली नाही, शेवटपर्यंत बोलली. तुझं पत्रही वाचून दाखवलं. घाबरला वगैरे ते वाक्य तिनं गाळलं नाही.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला वाटलं वेब्लीमुळे. काल तिला म्हटलं, "तू मला तेव्हा सांगितलं असतंस, की कपाटात अकराच मावतात, तर मी त्याच संध्याकाळी ते नेऊन दिलं असतं. कायद्याची वाट बघितली नसती." हे खरं आहे, विष्ण्या. मला त्या दोन दिवसांत सगळ्या बाजूंनी तपासून पाहावं लागलं, पण खरं आहे. ती खूप रडली. मग म्हणाली, "हेच मला माहीत होतं. म्हणून सांगितलं नाही. तुमच्या हातातून मी काढून घेतलं असं झालं असतं."

लागलं ते दुसरंच. सात वर्षं ती घरात तुझं नाव काढायची नाही. मी समजत होतो, ती माझ्या बाजूनं आहे.

ते राहू दे. ते आमचं आहे, आम्ही बघू. पस्तीस वर्षांचा संसार आहे.

तुझं वेगळं आहे. नंदा गेली आणि मी आलो नाही. तो अंक हातात घेऊन फोनपाशी बसलो होतो, तुझा नंबर पाठ होता, पाच आकडे फिरवलेही. नंतर वाटलं, याला आता माझा आवाज नको असेल. ही माझी चूक, यात सुमन नाही आणि फॉर्म नाही. नंदा मला भाऊबीजेला ओवाळायची. तिच्यासाठी मला मँचेस्टरला यायला हवं होतं, तू दार उघडलं नसतंस तरी.

दोन तारखेला येतो. गाडी सुमन चालवेल. गांधीजयंतीला जमणार म्हणून मी खरंच हसलो. झाडू देतील की नाही ते विचारत बसू नकोस. उजव्या डोळ्याला टार्गेटच्या जागी भुरा डाग दिसतो आणि डाव्यानं नेम धरायला मी या वयात शिकणार नाही. गोळ्या तू झाड. मी तुझ्या डाव्या बाजूला उभा राहीन, कडेनं मला अजून चांगलं दिसतं, तू बराचसा दिसशील.

एक काम मात्र हातानं करायचं होतं, लिहिता येतंय तोवर. सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात फोनवर मी तुला एक शब्द बोललो. तो चुकीच्या माणसाला बोललो. परत घेतो.

तुझ्याकडून हे पत्र मोठ्यानं वाचून घेणार आहे, तेव्हा बरोबर आण.

तुझा,
आणि या सात वर्षांतही तुझाच,
गिरीश