दिवा खोटं बोलतोय

१२ फेब्रुवारी

लागलाच! चढाच्या शेवटच्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली ही जुनी मोटरहोम — आता तेच आमचं घर — आणि भर डोंगरमाथ्यावर तिला नखरे सुचतायत. शुक्रवारी लेकीचं ऑपरेशन. ती घाटाच्या पायथ्याशी राहते, आणि लहानग्या नातीला सांभाळायला तिथे दुसरं कोणी नाही. गुरुवारी पोचायलाच हवं. इथवर बसही येत नाही.

बायको म्हणाली, "ब्रेक ऑईल कमी झालं असेल हो." मी म्हटलं, जन्मभर वायरमनचं काम केलंय, दिव्यातलं मला कळतं. तू चहा टाक.

१३ फेब्रुवारी

सकाळी बॉनेट उघडलं. ऑईलची डबी काठोकाठ! हिला मुद्दाम बोलावून दाखवली. "बरं," एवढंच म्हणाली. दिवाही विझलेला. म्हणजे दोष वायरिंगचा, मी म्हणतच होतो. हाच दिवा लावणारा हँडब्रेकचा स्विच काढला, घासूनपुसून परत बसवला. पेडल जरा मऊ लागतंय, पण एवढ्या जुन्या गाडीकडून आणखी काय अपेक्षा करायची.

१४ फेब्रुवारी

पाणी भरायला नळापर्यंत गाडी नेली, तर दिवा परत हजर! डोकं फिरलं. हिच्यावर उगाचच खेकसलो. जेवून डुलकी काढली, उठून बघतो तर दिवा नाही. डबी भरलेली. आता मला सांगा, ऑईल जागच्या जागी आणि दिवा लागतो-विझतो, म्हणजे वायर सैलच ना?

पायथ्याच्या गॅरेजवाल्याला फोन केला. "काका, दिवा लागत असेल तर घाट उतरू नका. चाकं उघडून बघायला लागतील. मी शनिवारी वर येतो." शनिवारी! त्याच्या सवडीने ऑपरेशन थांबणार आहे का?

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, याल ना नक्की?" आवाज अगदी बारीक झाला होता. घाबरलीय पोर. मीही घाबरलोय, पण ते कोणाला सांगू?

संध्याकाळी किल्ली फिरवली, पुन्हा तोच लाल डोळा. म्हटलं, आता बास. खोटं बोलणाऱ्याचं तोंडच बंद करायचं. अंधुक उजेडात बॉनेटखाली हात घातला आणि डबीला येणारी दिव्याची वायर उपटून काढली. डबी बघितली नाही, रोज तर बघतोय. दिवा गेला. हिने विचारलं, "विझला का?" मी म्हटलं, "दुरुस्त झाला." वायर काढल्याचं सांगितलं असतं तर वाटभर जीव मुठीत धरून बसली असती.

१६ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय.

घाटाचा मधला उतार. ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. परत दाबलं — काही नाही. नुसतं पोकळ. मागे कपाटं उघडून भांडी धडाधड खाली आली. पहिला गिअर कसाबसा कोंबला, हँडब्रेक मुळापासून ओढला. समोर कठडा आणि पलीकडे दरी. स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला पिळलं. पत्रा घासत, दगड उडवत गाडी शेवटी मातीच्या ढिगाऱ्यात रुतली. दार उघडायला मला बराच वेळ लागला.

ही माझा गुडघा घट्ट धरून बसली होती. मागून दुधाचा टँकर आला, त्याच्या ड्रायव्हरने हिला खाली न्यायचं कबूल केलं. गाडीपाशी मी थांबलो. टँकरमध्ये चढताना म्हणाली, "मी पोचते तिच्याकडे. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

मीच जीव घेतला असता आज हिचा. आम्हा दोघांचाही.

१७ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं, लेक शुद्धीवर आली. रस्त्याच्या कडेला एकटाच बसून रडलो.

१८ फेब्रुवारी

गॅरेजवाला आला. मागचं चाक उघडलं. आतलं रबर फाटलेलं, चाक आतून ओलंचिंब. "काका, हे बरेच दिवस गळतंय. डबीत थेंब नाही. आणि तुम्ही म्हणता भरलेली होती?"

होती! या डोळ्यांनी बघितलीय. तो मान हलवत हत्यारं गोळा करायला लागला. त्याचा तो चेहराच नको वाटला.

१९ फेब्रुवारी

हिला फोनवर गॅरेजवाल्याचं म्हणणं सांगितलं. म्हणाली, "दिवा लागला की मीच कपाटातल्या बाटलीतलं ऑईल भरत होते हो, तुम्ही झोपलात की. लेकीची काळजी होतीच, त्यात तुमच्याशी वाद कुठे घालायचा. पण त्या संध्याकाळी दुरुस्त झाला म्हणालात, सकाळीही दिवा लागला नाही. म्हणून नाही भरलं."

वायरीचं मला अजून सांगता आलेलं नाही.