नव्या मुलीचा पहिला डाव

उस्ताद, डॉक्टरांनी मला पडायला मनाई केली आहे, म्हणून लिहिते आहे. चालायला नाही, शिकवायला नाही, फक्त पडायला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. साठीकडे झुकलेल्या बाईला हे डॉक्टरांनी का सांगावं लागतं? पण वर्गात नवी मुलगी आली की तिचा पहिला डाव शिकवणाऱ्याच्या अंगावर, ही रीत तुमची, आणि गडचिरोलीच्या या शाळेच्या सभागृहात मी ती आजवर मोडलेली नव्हती.

तुम्ही फौजेतून ज्यूदो शिकून आलात आणि ब्रह्मपुरीला तुमच्या गादीच्या दुकानामागे, स्वतः पिंजून भरलेल्या गाद्यांवर, कॉलेजच्या मुलींना शिकवायला लागलात. मी बी.ए.ला होते. पहिल्या दिवशी तुम्ही समोर उभे राहता आणि म्हणता, "मले पाड." मी तुमच्या वयाकडे बघते, दाढीकडे बघते आणि हात मागे घेते. "अरे, पाड ना बाई. मी काय काचेचा हाव?" मी सांगितल्याप्रमाणे कॉलर धरते, वळते, ओढते, आणि तुमच्यासारखा भारी माणूस माझ्या कमरेवरून जाऊन गादीवर आदळतो. कापसाची धूळ उडते. पडल्या पडल्या तुम्ही विचारता, "मेलो का मी?" मी म्हणते, नाही. "मंग तू बी नाई मरत. चाल, आता तुयी बारी." त्यानंतर मला पडण्याची भीती कधी वाटली नाही. म्हणूनच ही रीत मी तशीच पुढे चालवली.

छातीचं दुखणं पावसाळ्यानंतर सुरू झालं. खोकला लांबला होता, आणि खोकत असतानाही मी मुलींबरोबर दंड काढत होते. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला कळ यायची, खोल श्वास घेतला की, कूस बदलली की, पाण्याची बादली उचलली की. मी सरळ दवाखाना गाठला. छाती दुखली की आधी हृदय तपासायचं, बाकीचं नंतर. घाम फुटला, धाप लागली, हातात किंवा जबड्यात कळ गेली तर घरी थांबायचंच नाही, हे मी मुलींनाही शिकवते. हृदय ठीक निघालं. डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींहून लहान. तिनं बरगडी आणि हाड जिथे जुळतं तिथल्या कूर्चेवर एक बोट दाबलं आणि मी ओरडले. कूर्चेला सूज आहे, म्हणाली. धोका नाही, पण उतरायला महिने लागतील. दंड नको, जोराची ओढाओढ नको, छातीवर कुणाचं वजन नको, पडणं तर नकोच. चाला, शेका, पायांचा सराव हळू करा, दुखलं की थांबा. शेजारीण म्हणाली, "उसण भरली असन बाई, पायाळू माणूस आणतो, तो पाय लावून उतरवून देईन." उसण नाही ही, असं सांगून मी तिला दारातूनच परत पाठवलं.

सगळं पाळलं, एक सोडून. दिवाळीनंतर धानोरा, चामोर्शीकडच्या वसतिगृहातल्या नव्या मुली आल्या. मला वाटलं, पडायचं कसं हे मला कळतं, प्रत्येकीचा एकच तर डाव. जॅकेटच्या आत छातीला घट्ट पट्टा बांधला, खांदे आवळले, श्वास धरला आणि पडले. प्रत्येकीच्या हातून पडले. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं समजून घरी गेले आणि उशीला टेकून बसून झोपले.

पुढच्या आठवड्यात माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी ड्यूटीवरून थेट वर्गात आली. ती वनरक्षक आहे. खाकी कपड्यांतच दारात उभी राहून मुलींचा पडण्याचा सराव बघत होती.

"बाई, ह्या पोरी अशा काऊन पडून राह्यल्या?"

"कशा?"

"साप दिसल्यावानी. श्वास कोंडून."

मी पाहिलं. सगळ्यांचे खांदे कानाशी, तोंडं मिटलेली, अंग लाकडासारखं. तेवढ्यात एकीचं डोकं मागे आपटलं. फार नाही, पण ती डोकं धरून बसली आणि रडू येऊ नये म्हणून हसत राहिली. असं पडायला त्यांना माझ्याशिवाय कुणी शिकवलं असणार?

"तुमी पडल्या तशाच पडून राह्यल्या त्या. आन् तो पट्टा सोडा, जॅकेटातून दिसते. उद्यापासून मी हाव ना पडाले."

"तू जंगलात जाऊन वाघाची पावलं मोज."

"वाघाले समजते, कवा बसाचं ते."

मला राग आला. तो दोन दिवस टिकला. मग तुमची आठवण झाली. शेवटची काही वर्षं तुमचा गुडघा गेला होता, असं ऐकलं होतं. मी तेव्हा राजुऱ्याला नोकरीला होते. त्या वर्षांत नव्या मुलींचा पहिला डाव कुणावर होत होता, उस्ताद? कुणीतरी असेलच. तुम्ही बाजूला बसून बघत असाल. हे विचारायला मी कधी आले नाही, आणि तुम्ही गेल्यावर आता विचारायला कुणी उरलं नाही.

शनिवारी पडणं पहिल्यापासून सुरू केलं. गादीवर माझ्याऐवजी ती वनरक्षक विद्यार्थिनी उभी राहिली. प्रत्येक मुलीनं तिला पाडलं, आणि दर वेळी ती श्वास सोडत, हात मोकळा आपटत पडली. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्यावर नाई?" मी सांगितलं, "माझ्या छातीचं हाड दुखतं. दुखत असताना पडायचं नसतं. तुमचं दुखलं तरी हेच." लगेच मागून एक हात वर आला. त्या मुलीचा खांदा आठवडाभर दुखत होता. तिला माझ्या शेजारी बसवलं. आता आम्ही दोघी कडेला पायांचा सराव करतो, हळू, आणि दुखलं की थांबतो. माझ्या पडण्याचं डॉक्टरीणबाई उन्हाळ्यानंतर बघू म्हणते. कदाचित नाहीही म्हणेल.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवणारी टपालपेटी नाही, तेव्हा फक्त नोंद करून ठेवते. शनिवारी वनरक्षक विद्यार्थिनीच्या हवाली केलं ते असं: नव्या मुलींचा पहिला डाव, गाद्या अंथरण्या-उचलण्याची जबाबदारी, सभागृहाची किल्ली. तिनं शिट्टीही मागितली होती. ती बिघडली आहे असं मी सांगितलं. वाजते.