बांधाचा मधला भाग

आबा, मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. चार दिवस आगरदांड्याच्या घरी आलोय. फोन वाजला की आधी कुणाचा ते बघतो.

अणू नीट रांगेत नसलेल्या, अशुद्ध पदार्थांचे गणित मी करतो. अशा पदार्थातही कडेने वाहणाऱ्या विजेशी जोडलेला एक पूर्णांक टिकून राहतो. गोंधळ वाढवत नेला तरी तो बदलत नाही. अट एकच, आतले इलेक्ट्रॉन वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर जागच्या जागी अडकलेले हवेत. हे मी सिद्ध केले असे सगळे मानतात. माझ्या विद्यार्थिनीचा अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे. गेल्या आठवड्यात ती जुनी सिद्धता पुन्हा वाचली. त्यात ही अट सुरुवातीला तपासलेली आहे, शेवटी तपासलेली आहे. मधले मी नुसते धरून चाललोय. कदाचित तेही ठीक असेल. पण मी पाहिलेले नाही.

उधाणाच्या आदल्या दिवशी खाडीच्या बांधावर प्रत्येक घराने आपापला वाटा चालून बघायचा, खेकड्याचे भोक दिसले की ओरडायचे. त्या वर्षी तुम्ही मला पाठवलेत. मी कॉलेजात जाणारा, पँट चिखलात भरेल म्हणून दोन्ही टोके बघून परततो. "काय न्हाय, आबा." दुसऱ्या दिवशी बांध मधेच फुटतो आणि शेजारच्या काकीच्या भातात खारे पाणी शिरते. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तुम्ही मला हळूच म्हणता, "दोन टोकं बगून आलास, मधलं काय तुझ्या सासऱ्यानं बगायचं?" आणि वर येऊन चारचौघांत म्हणता, "माझ्याच्यानं ऱ्हायलं." काकी तुम्हांला तोंडाला येईल ते बोलली. मी तुमच्या मागे उभा होतो.

आता तुम्ही नाही, माझ्या वतीने तसे म्हणणारे कुणी नाही. काल त्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, प्रत छापायला देते हं. परीक्षकांना खोदू दे किती खोदायचं ते, पायाला तुमचं प्रमेय आहे!" ती हसत होती. तिला मिळालेली नोकरी डोळ्यांपुढे आली. खरे तर आधी माझे नाव आले. मी "बरं" म्हणालो.

हे पत्र वहीतच राहील. आज सकाळी बुद्धवंदनेत खोटे न बोलण्याचे चौथे शील आले तेव्हा मी फक्त ओठ हलवले. बायकोला वाटले घसा बसलाय. तिने आल्याचा चहा करून दिला, आणि मी तो प्यालो.