केसपेपरवरचं माझं अक्षर

चंद्रपूर,
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय डोमा,

हात कसा आहे रे? सूज कोपराच्या वर चढली का, रात्री ताप येतो का? देवकामावशीनं हळद बांधली असेल. तिला म्हणावं, आता पुरे. ट्रकचा फाळका पडून चेंदलेला, पू धरलेला हात हळदीनं बरा होत नाही. असाच ठेवलास तर हात जाईल, स्पष्टच सांगते.

तुझ्यावर मी रागावलेच होते, खोटं कशाला बोलू? गर्द ओढायला लागलास तेव्हापासून तुझं नाव काढलं की मी विषय बदलायची. चुलीच्या राखेत बोट धरून ज्या धाकट्या भावाला अक्षरं शिकवली, तो असा निघाला म्हणून जीव जळायचा.

आमच्या दवाखान्यात एक रीत पडली आहे. माणूस नशेचा वाटला की खिडकीवरचा कारकून केसपेपरच्या कोपऱ्यात लाल फुली मारतो. तो कागद ड्रेसिंगच्या खोलीत आला की आम्ही नर्सनी मान वर न करता लिहायचं, ‘नशा सोडून यावे.’ माणूस बाहेरच्या बाहेर परत. हे लोक भांडतात, सामान पळवतात, असं सांगून नव्या पोरींना हे मीच शिकवलं.

शनिवारी आई आली. पदराच्या गाठीतून कागद काढून म्हणाली, “डोम्याचा हात लय सुजून राह्यला. दवाई कोनती लिवली, थे वाच मले.” कागदावर नाव तुझ्या दोस्ताचं, कोलूचं. कोपऱ्यात फुली. खाली माझं अक्षर. माझी अब्रू जाऊ नये म्हणून दुसऱ्याचं नाव सांगितलंस ना, गधड्या? बाहेरच्या बाकावर बसून तू ते वाचलंस, आणि आत येऊन ‘बाई, मी आहो’ एवढंही म्हणाला नाहीस. आईला मी कुठल्याशा मलमाचं नाव सांगितलं.

आज मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हा नियम कुठं लिहिला आहे? ते म्हणाले, मला वाटलं तुमच्याच खोलीचा आहे. म्हणजे कुठंच नाही, डोमा. आम्हीच केला, आम्हीच पाळला. हे पत्र आपल्या धानोऱ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते. मीच आले असते, पण मला बघून तू जंगलात पळशील. उद्या पहिल्या गाडीनं ये. ओढून आलास तरी ये. कागद तुझ्याच नावानं काढ, फुली मारली तर मारू दे. हात मी धुणार आहे. ते तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं, असं म्हणून मला सुटता येत नाही. आजवर कोणाकोणाच्या भावांना मी तेच लिहून दिलं. माफ कर, आणि ये.

स्टँडवर उभी असलेली,
तुझीच कांताबाई