सहा महिन्यांचं कुलूप

३ मार्च
आले! माझ्या खोलीत, माझ्या किल्लीने. कुलूप गंजलं होतं. मुलाने दोन शिव्या घातल्या, मग तेल घालून उघडलं.

उजवं मनगट मोडलं म्हणून चार दिवसांसाठी मुलाकडे गेले, ती पाच महिने तिथेच — हॉलमधल्या सोफ्यावर. ‘आई, या वयात एकटी कशाला?’ आणि आज तोच मला इथे आणून सोडतो! मालकाची नोटीस आली ना. खोली बंद आहे असं कुणीतरी त्याला निनावी पत्राने कळवलं. सहा महिने विनाकारण बंद ठेवली की भाडेकरूला काढता येतं, तसा कायदाच आहे. उद्या इमारत नव्याने बांधली तर नवी जागा मिळेल, यावर मुलाचा डोळा. म्हणून आईची आठवण! ‘केस संपेपर्यंतच हं.’ बघू.

४ मार्च
दिवसभर झाडलं, पुसलं. कंबरेचे टाके ढिले झाले. किती बरं वाटलं!

११ एप्रिल
मालकाने दावा टाकलाच. जिन्यात भेटला. ‘काकू, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ म्हटलं, ‘बत्तीस वर्षं वकिलाकडे टायपिस्ट होते मी. ती पायरी मला घरचा उंबरा आहे!’ तसा माणूस वाईट नाही. पण खोली देणार नाही म्हणजे नाही.

२ जुलै
साक्ष झाली. मालकाचा वकील — ‘आजी, खोलीत कोण राहत होतं?’

‘कुणी नाही.’

मुलाने कपाळावर हात मारला. पण खोटं कशाला बोलू? हाडाच्या डॉक्टरचे कागद पुढे केले. ‘बंद होती. पाच महिने सहा दिवस.’

‘इतकं नेमकं कसं लक्षात?’

‘घरी जायचं असलेलं माणूस दिवस मोजतं.’ बोलताना आवाज कापला. स्वतःचाच राग आला.

१७ जानेवारी
जिंकले!! दावा फेटाळला — सहा महिने भरलेच नव्हते. संध्याकाळी मुलगा मोठी बॅग घेऊन हजर, सोबत आमचा वकील. ‘चल आई, भर सामान. कुलूप लावून टाकू.’

एवढं करून पुन्हा सोफाच? दाराला पाठ लावून उभी राहिले. ‘मी येणार नाही. उचलून न्यायचं तर ने!’ आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. वकीलच मध्ये पडला — ‘अहो, पुन्हा कुलूप? तो पत्रवाला अजून टपून असेल. आजींना इथेच राहू द्या.’

मुलगा तोंड पाडून गेला. जाताना जिन्यातून, ‘कोण आहे तो घरभेदी, सापडू दे एकदा!’

१८ जानेवारी
सून इथे आली की ही वही चाळते, म्हणून एक गोष्ट आजवर लिहिली नाही. आता खुशाल वाचू दे. मालकाला ते पत्र मीच लिहिलं — डाव्या हाताने, सहा महिने भरायच्या आत. वेळ आली तर पुन्हा लिहीन.